गावंडे बाईंनी निवडलेलं पुस्तक

गावंडे बाई कोणतंही पुस्तक पहिल्या पानापासून उघडत नसत. डाव्या हाताने कणा धरायचा, उजव्या हाताची चार बोटं बरोबर मध्यावर खुपसायची आणि जे पान निघेल ते उभ्या उभ्या वाचायचं. पान संपलं की पुस्तक एकतर त्यांच्या काखेत जायचं, नाहीतर माझ्या टेबलावर धप्पकन पडायचं. प्रस्तावना, अर्पणपत्रिका, प्रकाशकाचे दोन शब्द यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलेलं मला आठवत नाही. साठ साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती आणि अमरावतीच्या एका कॉलेजात मी नुकताच सहायक ग्रंथपाल म्हणून लागलो होतो. ग्रंथपालनाचा वर्ग करून आलो होतो, त्यामुळे पुस्तक कसं हाताळावं याबद्दल माझी मतं ठाम होती. पहिल्याच आठवड्यात मी धीर करून म्हणालो, "बाई, अशाने पुस्तकाची शिवण उसवते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "देशपांडे भाऊ, तुमी कापसाची गाडी पाह्यली का कधी?"

मी अकोल्याच्या वकिलाचा मुलगा. कापसाच्या गाड्या रोज पाहिल्या होत्या, पण शाळेच्या वाटेवर आडव्या येतात म्हणून चिडण्यापुरत्याच.

"गाडीच्या वरतं पांढराफेक कापूस रायते. खाली ओला, किडका, मातीचा. घेनारा वरचा कापूस पायतच नाई. गाडीच्या पोटात हात घालते अन् तिथला मूठभर काढते. पुस्तकाचंबी तसंच हाय. वरतं सारेच पांढरे."

हे त्यांना शोभत होतं. त्यांचे वडील मूर्तिजापूरच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, मुकादम होते. घरची थोडी काळी जमीन होती, ती भाऊ पाहत. हंगामात जिनाबाहेर गाड्यांची रांग लागे, तेव्हा कोणाची गाडी आधी घ्यायची, कोणाचा कापूस कोणत्या गंजीवर टाकायचा, यंत्राचा पट्टा तुटला तर तोवर कोणाला थांबवायचं, हे सगळं वडील ठरवत. बाई लहानपणी डबा घेऊन जात आणि गाड्या मोजत बसत. मोजता मोजता गणितात एम.ए. झाल्या. शेतकऱ्याच्या घरातली, लग्न न करता एकटी राहणारी, कॉलेजात गणित शिकवणारी बाई त्या काळात आमच्याकडे दुसरी नव्हती. गावाने त्यांच्याबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं होतं आणि बाईंनी जे ऐकायचं नाही ते ऐकलं नव्हतं.

स्टाफरूममध्ये आम्ही सगळे पुण्याच्या वळणाचं मराठी बोलायचो. घरी 'मले' म्हणणारे प्राध्यापकसुद्धा जिना चढताना 'मला' म्हणायची तयारी करत. बाईंनी हा कर कधी भरला नाही. पन्नास सालानंतर काही वर्षं त्या अकोल्याच्या मुलींच्या शाळेत शिकवायला होत्या आणि माझी थोरली बहीण त्यांच्या वर्गात होती. ती सांगायची, एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी भर वर्गात बाईंना शुद्ध बोलायला सांगितलं. बाईंनी फळ्याकडे बोट केलं आणि विचारलं, "गनित चुकलं का जी?" साहेब म्हणाले, "गणित बरोबर आहे." "मंग बसा," असं म्हणून बाईंनी पुढचं उदाहरण घातलं.

आता मूळ गोष्ट, माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली. मुंबईच्या एका संशोधन संस्थेने विद्युत गणकयंत्र, म्हणजे आजचा संगणक, बसवलं होतं आणि कॉलेजातल्या गणिताच्या शिक्षकांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग काढला होता. जागा थोड्या, तोंडी परीक्षा घेऊन निवड. पत्रक कॉलेजात आलं, सूचनाफलकावर लागलं आणि त्याकडे बाईंखेरीज कोणी पाहिलं नाही. त्यांना त्या यंत्राच्या वेगाचं काही वाटत नव्हतं. त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घुसला होता. यंत्र एक आणि गणितं घेऊन येणारी माणसं पन्नास, तर कोणाची पाळी कधी हे यंत्रात कोण ठरवतं? "तिथं कोनीतरी मुकादम असलाच पायजे," त्या म्हणाल्या. "त्याले भेटल्याशिवाय मी काही रायत नाई."

असा मुकादम खरोखरच असतो, हे आम्हाला नंतर कळलं. तो माणूस नसतो, तोही एक प्रोग्रॅमच असतो. यंत्र सुरू झालं की तो आधी येऊन बसतो, एकामागून एक कामं आत घेतो, संपलेलं काम बाहेर काढतो. पण हे कळण्यासाठी पुस्तक पाहिजे होतं, आणि पुस्तकासाठी ग्रंथालय समिती.

बाईंनी चार पुस्तकांची यादी दिली. आमचे प्राचार्य सज्जन गृहस्थ होते, आवाज कधी चढवत नसत. यादी वाचून ते हसून म्हणाले, "बाई, हे यंत्र आपल्याकडे नाही. नागपुरातही असेल की नाही, शंका आहे. मग ही पुस्तकं घेऊन आपण करायचं काय?"

"यंत्र मुंबईले हाय तं हाय. डोकं तं इथंच हाय ना!"

समितीतले बाकीचे खाली पाहून हसले. माझं अक्षर बरं असल्यामुळे कॉलेजच्या सगळ्या बैठकांचं इतिवृत्त मी लिहायचो. मीही लिहिता लिहिता हसलो. शेवटी एक पुस्तक मंजूर झालं. "एकच," प्राचार्य म्हणाले, "पण निवड तुमची."

तेव्हा नागपूरचे पुस्तकविक्रेते पसंतीसाठी पुस्तकं पाठवत. पंधरा दिवस ठेवा, आवडेल ते घ्या, बाकीची परत करा. बाईंच्या सांगण्यावरून मी गठ्ठा मागवला. सहा पुस्तकं आली. पाच जाड, गुळगुळीत, चमकदार वेष्टनांची, आणि तळाशी भर म्हणून टाकल्यासारखी एक पुस्तिका. मुंबईच्या यंत्राच्या मुकादम-प्रोग्रॅमची, ते यंत्र चालवणाऱ्यांसाठी काढलेली. सायक्लोस्टाइल केलेली पानं, दोन पिना, कव्हर तपकिरी, लेखकाचं नाव नाही.

पुढचे पंधरा दिवस वाचनालयाच्या खिडकीजवळचं टेबल बाईंनी बळकावलं. आधी त्यांनी एका कागदावर तीन प्रश्न लिहिले. काम मध्येच अडकलं तर काय होतं? काम संपेचना तर कोण थांबवतं? एकाचं काम दुसऱ्याच्या जागेत शिरलं तर? मग सहाही पुस्तकं शेजारी शेजारी उघडून, मागच्या सूचीतून एकेका प्रश्नाचं उत्तर त्या शोधत बसल्या. एका पुस्तकात पंचवीस छायाचित्रं होती, यंत्रासमोर टाय बांधलेली माणसं उभी. अडकण्याबद्दल एक ओळही नव्हती. बाईंनी ते माझ्याकडे सरकवलं. "हे सोयरीक जमवनाऱ्याचं पुस्तक हाय भाऊ. पोरगा रागीट हाय, हे सोयरिकीत कोनी सांगते का?"

दुसऱ्यात गणित सुंदर होतं, पण यंत्र एकाच माणसासाठी चालतं असं धरून सगळं लिहिलं होतं. "यानं रांग पाह्यलीच नाई." तिसऱ्यावर त्या तीन दिवस बसल्या, दोनदा काखेत घेतलं, दोनदा खाली ठेवलं. ते खरंच चांगलं पुस्तक होतं आणि ते परत करताना त्यांना जड गेलं, हे मी पाहिलं. "समजावते चांगलं," त्या म्हणाल्या, "पन समजलं असं वाटते, अन् पुस्तक मिटलं का हात रिकामे."

तपकिरी पुस्तिकेत मात्र समजावणं नावाला नव्हतं. हा दिवा लागला तर हे करा, ही खूण छापून आली तर ते. पण पानोपानी अडचणी होत्या. तिन्ही प्रश्नांची उत्तरं होती, एकेकाची तीन-तीन पानं. बाईंनी ती निवडली. मी म्हणालो, "बाई, समिती याला पुस्तक म्हणणार नाही." त्या म्हणाल्या, "ज्याले अडचन सांगता येत नाई, त्याले यंत्र समजलंच नाई. हे ज्यानं लिवलं त्याचे हात काळे झाले हायेत." समिती हसली, पण शब्द दिला होता म्हणून मंजूर केलं. मी पहिल्या पानावर कॉलेजचा शिक्का मारला, दाखल क्रमांक घातला आणि बाईंच्या नावावर ते दिलं.

मग सुरू झाला आमचा छळ. शनिवारी दुपारी वाचनालय रिकामं असे. बाई मला आणि हरबाजी शिपायाला समोर बसवत आणि आम्हीच यंत्र होत असू. रद्द झालेल्या सूचीकार्डांच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी सूचना लिहिल्या होत्या. हरबाजीने कार्डं एकेक करून द्यायची, मी कार्डावर सांगितलेलं गणित पाटीवर करायचं आणि बाई मुकादम. हरबाजीला यात मनापासून गंमत वाटे. तो प्रत्येक कार्ड देताना "घ्या जी" म्हणायचा. एकदा मला एक गड्डी मिळाली. बेरीज करा, दोनाने भागा, कार्ड तीनवर परत जा. मी गेलो. पुन्हा बेरीज, पुन्हा भाग, पुन्हा कार्ड तीन. अर्ध्या तासाने पाटी भरली, हाताला रग लागली आणि मी वैतागून म्हणालो, "बाई, हे कधी संपणारच नाही!"

"नाईच संपत. मी मुद्दाम तसं लिवलं."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"तुमाले कंटाळा आला म्हनून तुमी थांबले. यंत्राले कंटाळा येत नाई भाऊ. ते पुढच्या वर्सापर्यंत बेरीज करत बसन, अन् मागची रांग तशीच उन्हात उभी. म्हनून मुकादमाजवळ घड्याळ पायजे." असं म्हणून त्यांनी पुस्तिकेतलं पान मला दाखवलं. तिथे नेमकं तेच लिहिलं होतं. किती वेळाने काम तोडायचं, चालवणाऱ्याने कोणती कळ दाबायची. मला आयुष्यात पहिल्यांदा एखादं पान हाताला रग लागून समजलं. बाईंचा मला तोवर धाक होता. त्या दिवसापासून हेवा वाटू लागला.

हिवाळ्यात मुंबईहून मुलाखतीचं बोलावणं आलं. बाई बडनेऱ्याहून गाडीत बसल्या त्या चौथ्या दिवशी परत आल्या आणि येताच स्टाफरूममध्ये न जाता माझ्या टेबलापाशी आल्या. चेहऱ्यावरून काही कळेना.

"यंत्र पाह्यलं का, असं विचारलं त्याइनं. मी म्हनलं, नाई. मंग शिकल्या कशा? म्हनलं, पुस्तक निवडून." पुढे तासभर प्रश्न चालले होते आणि बाईंनी एकही सोडला नव्हता. मग एका गृहस्थांनी विचारलं, काम संपतच नसेल तर यंत्र चालवणारा काय करील? बाईंनी कळीचा क्रमांक सांगितला. ते गृहस्थ हसले. "ते बदललंय बाई. ती कळ आता दाबली तर रांगेतली सगळीच कामं पुसली जातात. तुमच्या पुस्तिकेत दुरुस्तीची चिठ्ठी आहे, पहिल्याच पानावर चिकटवलेली."

मी पुस्तिका हातात घेतली. पहिलं पान उघडलं. चिठ्ठी होती, चांगली चार बोटं रुंद. तिच्यावर बरोबर मधोमध कॉलेजचा जांभळा शिक्का होता, माझ्या हातचा. बाईंनी पहिलं पान जन्मात वाचलं नव्हतं आणि मी ते न वाचता शिक्कामोर्तब केलं होतं.

"मग काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हनलं, चुकलं माझं. चुकलं ते चुकलं. पन मंग मीबी विचारलं. यंत्र अडकलं, मागं रांग लागली, घामाघूम झालेला मानूस पयलं पान काहून उघडन? तो अडचनीचं पान उघडते. तिथं जुनीच कळ लिवलेली हाय. यंत्राजवळची तुमची पुस्तिका आना म्हनलं."

आणि त्या लोकांनी ती आणली होती. यंत्राशेजारी दोरीने बांधलेली, तेलकट डागांची प्रत. पहिल्या पानावर चिठ्ठी होती, मधल्या पानावर जुनीच कळ होती. बाईंनी टेबलावरची पेन्सिल उचलली, जुना क्रमांक खोडला, नवा लिहिला आणि पुस्तिका परत दिली. आठ दिवसांनी निवडीचं पत्र आलं. साऱ्या वऱ्हाडातून त्यांची एकटीची निवड झाली होती.

मला वाटलं होतं, आता कॉलेजात पेढे वाटले जातील. वर्ग मार्चमध्ये सुरू होत होता. बाईंनी रजेचा अर्ज दिला. सोबत, जानेवारीपासून रोज सकाळी जादा तास घेऊन अभ्यासक्रम आधीच पुरा करीन, असं लिहून दिलं. आदल्या वर्षी भौतिकीचे एक प्राध्यापक अशाच वर्गासाठी दोन महिने जाऊन आले होते, तेही परीक्षेच्याच दिवसांत. बाईंचा अर्ज कार्यकारी मंडळापुढे आला तेव्हा मात्र सगळ्यांना परीक्षा आठवली. "एकट्या बाईमाणसाने सहा आठवडे मुंबईत राहायचं, उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?" असंही एक जण म्हणाले. प्राचार्यांनी नेहमीच्या मऊ आवाजात समारोप केला. जायचं असेल तर राजीनामा द्यावा लागेल, असा त्याचा सरळ अर्थ होता. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "लिहा देशपांडे, अर्जावर साधकबाधक विचार करण्यात आला." मी लिहिलं. भौतिकीच्या प्राध्यापकांची रजा माझ्याच अक्षरात त्याच वहीत काही पानं मागे मंजूर झालेली होती. मी ते पान उलटून दाखवू शकलो असतो. दाखवलं नाही.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. एका ओळीचा. प्राचार्यांनी बोलावून समजूत घातली, कायमची नोकरी आहे, गावात मान आहे, सहा आठवड्यांनंतर काय करणार? बाई म्हणाल्या, "ते सहा आठवड्यांनंतर पाहू जी. आता मले जायचं हाय."

बडनेरा स्टेशनवर पोचवायला मी आणि हरबाजी, दोघंच गेलो होतो. मूर्तिजापूरहून त्यांचे भाऊ येणार होते, आले नाहीत. ते रागावले होते. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि खाली ठेवायची नाही म्हणून हातात धरलेली वह्यांची पिशवी. पुस्तिका कॉलेजची होती, ती त्यांनी आदल्या दिवशीच जमा केली होती. पण तिचं पान न् पान वहीत उतरवून घेतलं होतं. मला राहवेना. मी म्हणालो, "बाई, मंडळाच्या बैठकीत मी होतो. मी काही बोललो नाही."

"तुमी काय बोलनार? तुमी लिहून राहिले होते." त्या फलाटाच्या टोकाकडे पाहत होत्या. "जे झालं ते लिवलं ना?"

"नाही," मी म्हणालो. "सांगितलं ते लिहिलं."

त्या माझ्याकडे वळल्या. रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. "मंग काय फायदा भाऊ, एवढ्या चांगल्या अक्षराचा?"

गाडी आली. हरबाजीने पेटी चढवली. बायकांच्या डब्यात आधीच गर्दी होती, बाईंनी दारातल्या दोघींना सरकवलं, पेटीवरच बसल्या आणि पिशवीतून वही काढली. गाडी हलली तेव्हा त्या वाचत होत्या. हात हलवला तो हरबाजीने.

त्या परत आल्या नाहीत. वर्ग संपल्यावर त्याच संस्थेने त्यांना ठेवून घेतलं आणि पुढे त्या यंत्राच्या मुकादमावरच त्यांनी काम केलं. मला अधूनमधून पोस्टकार्ड यायचं, त्यात यंत्र सोडून दुसरं काही नसायचं. शेवटचं पोस्टकार्ड आलं त्यानंतर काही महिन्यांनी त्या गेल्याचं कळलं, तेही वर्तमानपत्रात नाही, मूर्तिजापूरच्या कोणाकडून तरी. मी त्या दिवशी वाचनालयात बसून रडलो. मला लाज वाटली नाही.

पण मला सांगायचं आहे ते बाई मुंबईला गेल्या त्यानंतरच्या महिन्यातलं. त्याबद्दल मी पुढे अकरा वर्षं सहायक ग्रंथपालच राहिलो, आणि मी तक्रार केलेली नाही. कार्यकारी मंडळाची बैठक होती. राजीनाम्याचा विषय निघाला आणि प्राचार्यांनी मऊ आवाजात सांगितलं, "लिहा. कु. गावंडे यांनी घरगुती कारणास्तव स्वेच्छेने दिलेला राजीनामा मंजूर करण्यात येत आहे."

मी लिहिलं, "रजा नाकारल्यामुळे कु. गावंडे यांनी दिलेला राजीनामा मंजूर करण्यात येत आहे." नेहमीपेक्षा सावकाश, नेहमीपेक्षा चांगल्या अक्षरात. आणि वही सहीसाठी पुढे केली.

प्राचार्यांनी वाचलं. "देशपांडे, मी हे सांगितलं नव्हतं."

"नाही सर," मी म्हणालो. "पण घरगुती कारण मला माहीत नाही. खरं कारण याच खोलीत घडलं, तेव्हा मी इथेच बसलो होतो."

"ही ओळ खोडा."

"मी खोडणार नाही. खोडायची असेल तर आपण खोडा, सर. आणि शेजारी सही करा."

पंखा फिरत होता. आठ माणसं त्या वहीकडे पाहत होती. प्राचार्यांनी पेनाचं टोपण काढलं, त्या ओळीवर पेन धरलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग ओळ न खोडताच हात पानाच्या तळाशी नेला आणि सही केली.